पेसाहच्या तोंडावर आलेली सुतकाची भाकर

"कोन गेलं वं बाई? अवो मिस्त्री, कोन गेलं तुमच्या घरचं?"

पाटलीणबाई आमच्या फाटकात उभ्या राहून ओरडत होत्या. त्यांनी अकोल्यात बैलाला हाक मारली की बार्शीटाकळीचे बैल चरायचे थांबून मान वर करत, अशी त्या आवाजाची ख्याती होती. ती ख्याती मीच पसरवली होती, तो भाग निराळा.

मी अंगणात पिठाचं मडकं छातीशी धरून उभा होतो. मागे बायको, डोक्याला फडकं बांधलेली, हातात ताकाचं मडकं. कुंपणाशी आधीच पाण्याच्या, डाळीच्या, लोणच्याच्या जुन्या मडक्यांचा ढीग पडला होता. भिंती नुकत्याच पांढऱ्या मातीनं सारवल्या होत्या. आणि ओट्यावर माझे सासरे बसले होते, पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, ताठ, कुणाशी एक अक्षर न बोलता. ते चारच दिवसांपूर्वी मुंबईहून आले होते. आगगाडी जिथवर येते तिथवर आगगाडीनं आणि पुढे बैलांच्या दमणीनं.

आता वऱ्हाडात घरातली सगळी मडकी एकदम बाहेर कधी निघतात? घरातलं माणूस गेल्यावर. त्यात परगावचा वडीलधारा नातेवाईक पांढऱ्या कपड्यांत दारात बसलेला. पाटलीणबाईंनी एका नजरेत सगळं पाहिलं आणि मनाशी पक्कं केलं.

"कोणी गेलं नाही, पाटलीणबाई," मी म्हटलं. "आमचा सण आहे आज."

"सन हाय तं मडके काहून फेकून राह्यले? अन् काल दिवेलागनीले दिवा घेऊन कोपऱ्या-कोपऱ्यात काय शोधून राह्यले होते? आमचे नातू सांगत होते."

मी तोंड उघडलं, आणि माझं तोंड उघडलं की लवकर मिटत नाही हे ठाऊक असल्यानं सासरे ओट्यावरून म्हणाले, "जावईबापू, बोलणं मग. ऊन चढायच्या आत आटपा."

झालं. मयताच्या घरी म्हातारी माणसं हेच वाक्य बोलतात. पाटलीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि आल्या पावली परत गेल्या. जाताना वाटेतल्या प्रत्येक दारात थांबत गेल्या, हे मला दिसत होतं.

आम्ही कोण, हे आधी सांगून टाकतो. आम्ही बेने इस्राएल. कोकणात पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवले, शनवारी घाणा बंद ठेवला, म्हणून तिकडे आम्हाला शनवार तेली म्हणत. अकोल्यात मात्र आमच्याविषयी कोणाला काहीच ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे हे मुसलमान आहेत पण वेगळे, कोणी म्हणे बामण आहेत पण मासे खातात. मी दोघांनाही हो म्हणत असे. दोघंही सुपारी देत.

मी सुतार. रुईचे गठ्ठे दाबायचे मोठे लाकडी मळसूत्री दाब बांधायचं काम मला एका व्यापाऱ्यानं दिलं आणि मी बायकापोरांसह वऱ्हाडात आलो. तिकडे अमेरिकेत कुठेशी लढाई पेटली होती आणि इकडे कापसाला असे दिवस आले होते की आज कोणाला सांगितलं तर तो मला खोटारडा म्हणेल. म्हणू दे. हवेत इतकी रुई उडत असे की कावळे पांढरे होऊन बगळ्यांच्या पंगतीला जाऊन बसत. अकोटच्या एका शेतकऱ्यानं गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या हे तर सगळेच सांगतात. पण त्या धावांना धूळ लागू नये म्हणून दोन माणसं बैलांपुढे सतरंजी अंथरत पळत होती, हे फक्त मी पाहिलेलं आहे.

अशा गावात माझी दोन पोरं वाढत होती. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. बोलायची ती अस्सल पाटलाच्या आळीसारखी. मले, तुले, आमाले. धाकटीच्या तोंडी दिवसभर एकच शब्द: काहून. सूर्य काहून बुडते, रंधा काहून चुरचुरते, आपन शनवारी काम काहून नाई करत.

त्यातल्या शेवटच्यासारख्या प्रश्नांसाठी माझ्याकडे एक पुस्तक होतं. मुंबईला शिळाछापावर छापलेलं, वर आमची धर्मभाषा इब्रानी आणि खाली मराठी, या सणाच्या म्हणजे पेसाहच्या रात्री घरात वाचायचं. आमचे लोक मिसर देशातून गुलामी सोडून निघाले त्याची गोष्ट. माझ्या आईच्या लहानपणी असं पुस्तक कोकणात कोणाकडे नव्हतं. ती या सणाला 'अनाशी ढाकायचा सण' म्हणायची. अनास म्हणजे घरातलं आंबट पाण्याचं मडकं. चैत्रातल्या त्या आठ दिवसांत ते झाकून ठेवायचं, हात लावायचा नाही. का, हे तिला ठाऊक नव्हतं, तिच्या आईलाही नव्हतं. गोष्ट विसरली होती, झाकण राहिलं होतं. मी पहिल्यांदा ते पुस्तक वाचलं आणि कळलं की फुगलेलं, आंबलेलं घरात ठेवायचं नाही ते एवढ्यासाठी, तेव्हा मला कोण जाणे कसं वाटलं. जणू घरातल्या जुन्या कुलपाची किल्ली वाटेत सापडावी. तेव्हापासून मला त्या सणाचा नाद लागला.

पण पोरांना पुस्तक वाचून दाखवायचं म्हणजे ती ऐकायला हवीत. म्हणून मी गोष्ट जराशी सुताराच्या हातानं तासून घेतली. पुस्तकात आमचे लोक राजासाठी विटा पाडतात. माझ्या गोष्टीत ते विटाही पाडत आणि कापसाचे गठ्ठेही दाबत, तेही दाबाशिवाय, नुसत्या पोटानं. पुस्तकात बेडकांचं संकट येतं. माझ्या गोष्टीत एक बेडूक राजाच्या पगडीत बसून दरबार चालवतो. बायको भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि म्हणायची, "राजाला तरी पुस्तकातला ठेवलात, की तोही अकोल्याचा?"

पोरं ही गोष्ट गल्लीभर सांगत. गल्लीतली पोरं पुढची ऐकायला आमच्या घरी येत.

सासऱ्यांना हे मुळीच रुचलं नव्हतं. ते फौजेत सुभेदार होते, निवृत्त झालेले, आणि पुस्तकसुद्धा कवायतीसारखं वाचत: ओळ सोडायची नाही, घालायची नाही. आल्या आल्या त्यांनी थोरल्याला विचारलं, "मिसरमधून आपण कसे निघालो?" त्यानं बेडूक राजाच्या पगडीत बसवून दाखवला. सुभेदार उठून ओट्यावर गेले.

त्यांचं बोलणं निघालं ते आदल्या संध्याकाळी. पेसाहच्या आदल्या दिवशी दिवा घेऊन घरात खमिराचे कण शोधायचे, ही रीत. मी पोरांना सांगितलं, जो कण शोधेल त्याला एक खजूर. पाटलाचे नातू, त्यांचे मित्र, सगळी पलटण आली. खजूर बघून त्या पोरांचं डोकं चाललं. ती हळूच हलवायाकडे जाऊन शिळ्या जिलबीचे तुकडे घेऊन येत, माझ्या हत्यारांच्या पेटीमागे ठेवत, आणि मग ओरडत, "सापडलं, सापडलं." जिलबीचं पीठ आंबवलेलं असतं, त्यामुळे ते अगदी खरं खमीर. घरातून जेवढं बाहेर गेलं त्याच्या दुप्पट आत आलं. शेवटचा तुकडा सुभेदारांच्या जोड्यात निघाला.

तेव्हा ते म्हणाले, "सणाचे आठ दिवस झाले की दोघं पोरं माझ्याबरोबर मुंबईला येतील. तिथे आपली माणसं आहेत, शिकवायला मास्तर आहेत. इथे यांना पुस्तक नाही, थापा मिळतात."

मी बायकोकडे पाहिलं. ती खाली बघून झाडत राहिली. कोपरा झाडून झाल्यावर म्हणाली, "बाबांचं चूक तरी कसं म्हणू? इथे आपल्यातलं दुसरं घर नाही." आणि मी हत्यारांच्या पेटीमागे पुन्हा एकदा जिलबी शोधू लागलो. मी, ज्याला दोन्ही बाजूंनी सुपारी मिळत असे.

धाकटी दारामागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

तर अशी आमच्या घराची अवस्था, आणि दुपारी पाटलीणबाई परत आल्या. आता एकट्या नव्हत्या. मागे आळीतल्या सहा-सात बायका, सगळ्यांच्या तोंडाला पदर. पाटलीणबाईंच्या डोक्यावर टोपलं, त्यात ज्वारीच्या भाकऱ्या, दुसरीच्या हातात पिठल्याचं पातेलं, तिसरीकडे ठेचा. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजाऱ्यांनी अन्न न्यायचं, ही तिकडची रीत, आणि ती कोणाच्याही बाबतीत चुकवत नसत.

सुभेदार ओट्यावरून उठले आणि दारात उभे राहिले. "हे आत येणार नाही."

पाटलीणबाईंनी टोपलं डोक्यावरच धरलं. पदर खाली आला. "काहून? आमच्या हातचं चालत नाई काय तुमाले?"

आता काय करावं? घर झाडून, सारवून, कणन् कण वेचून ठेवलेलं. आणि ही बाई आमच्यासाठी रडत आलेली. मी घसा खाकरला. बायकोनं माझ्याकडे अशी नजर टाकली की माझ्या पोटात तयार झालेली गोष्ट तिथेच विरघळली.

धाकटी पुढे गेली आणि तिनं पाटलीणबाईंचा पदर धरला.

"मोठी माय, आमच्या घरचं कोनी मेलं नाई. लय जुनी गोष्ट हाय ते."

"मंग सांग."

"मिसर देशात एक राजा होता. त्यानं आमच्या लोकाईले धरून ठेवलं होतं. विटा पाडा म्हने, अन् कापूस दाबा."

"कापूस नाही," सुभेदार म्हणाले. "विटा."

"विटा बी होत्या, कापूस बी होता," धाकटी मागे न बघता म्हणाली. "मंग देवानं सांगतलं, निघा. बायाईनं पीठ भिजवून ठेवलं होतं. ते फुगाले वेळ नवता. तसंच पाठीवर घेतलं अन् निघाले. त्याची चपटी भाकर झाली. म्हनून आज आमी फुगलेलं खात नाई. जुन्या मडक्याले फुगल्याचा वास असते, म्हनून मडके बी नाई ठेवत."

"अन् राजानं जाऊ देलं?"

"नाई. मागं धावला. समोर दर्या. मंग दर्या फाटला, बोंड फुटते ना, तसा. आमचे लोक मंधातून गेले. राजाचे लोक मागून आले तं दर्या मिटला."

"अन् ते?"

"बुडाले."

"समदे?"

"समदे. घोडे बी."

पाटलीणबाईंनी टोपलं खाली ठेवलं आणि त्या तिथेच जमिनीवर बसल्या. बायकाही बसल्या. मग पाटलीणबाईंनी विचारलं, "घोड्याईनं काय केलतं बिचाऱ्याईनं?"

मी ते पुस्तक पाठ म्हणावं इतकं वाचलेलं. कोकणात, मुंबईत, कुठेही हा प्रश्न माझ्या कानावर आला नव्हता. मी सुभेदारांकडे पाहिलं. त्यांच्या पलटणीतले घोडे किती तऱ्हेनं मेले असतील ते त्यांनाच ठाऊक. ते दाराच्या चौकटीकडे बघत होते.

"मले नाई माहीत," धाकटी म्हणाली.

"जाऊ दे," पाटलीणबाई म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं. "मंग भाकर वाया नाई गेली. त्याईच्या नावानंच समजा."

मी घाईनं आत जाऊन पुस्तक आणलं. त्यात न चालणाऱ्या धान्यांत गहू होता, जव होता. ज्वारीचा पत्ता नव्हता. मिसरमध्ये ज्वारी पिकत नसावी, किंवा पिकत असेल तर लिहिणाऱ्याला कोणी खाऊ घातली नसावी. मी सुभेदारांना पान दाखवलं. त्यांनी ते सावकाश वरून खाली वाचलं.

"पुस्तकाला ठाऊक नाही, त्याला पुस्तक नाहीही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण आत नाही. बाहेर बसू."

मग आम्ही सगळे अंगणातल्या कडुलिंबाखाली बसलो आणि मिसरच्या घोड्यांच्या नावानं पिठलं-भाकर खाल्ली. ठेचा इतका तिखट होता की माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून दोन बायकांना पुन्हा वाटलं, कोणीतरी नक्की गेलंय आणि मिस्त्री लपवतोय.

संध्याकाळी नव्या चटईवर पांढरी चादर घातली. नव्या खापरीवर भाजलेल्या बिनखमिराच्या पोळ्या, खजुराचा गोड रस, मनुकांचं सरबत. कडू खायचं असतं त्यासाठी लिंबाचा कोवळा पाला. तो पाटलाच्या नातवांनीच काढून दिला. पाडव्याला आम्हीही खातो, तुमचं आमचं एकच, असं त्यांचं म्हणणं.

त्या रात्री घरातल्या लहानातल्या लहान पोरानं प्रश्न विचारायचे आणि मोठ्यांनी गोष्ट सांगून उत्तर द्यायचं, अशी रीत आहे. सुभेदारांनी आल्यापासून धाकटीकडून ते प्रश्न इब्रानीत घोटून घेतले होते. ती उभी राहिली, हात बाजूला, पलटणीतल्या शिपायासारखी. म्हणून दाखवले. एका ठिकाणी अडली, सुभेदारांनी ओठ हलवले, ती पुढे गेली. संपल्यावर खाली बसायचं असतं. ती बसली नाही.

"आजोबा, अजून एक हाय."

"काय?"

"आमाले जायाचं नाई. तरी तुमी काहून नेऊन राह्यले?"

बायकोनं हातातला पेला चादरीवर ठेवला. मी थाळीतल्या पोळ्या पुन्हा सारख्या रचल्या.

"ते पुस्तकात नाही," सुभेदार म्हणाले. "बस."

ती बसली. त्यांनी वाचायला सुरुवात केली. ओळ सोडली नाही, घातली नाही. थोरला बेडकांची वाट बघत होता. बेडूक आले आणि एका ओळीत गेले, तेव्हा त्यानं माझ्याकडे अशा काही निराशेनं पाहिलं की मी नजर चुकवली.

त्या ठिकाणी एक जुनी रीत आहे. राजावर आलेल्या एकेका संकटाचं नाव घेताना बोट पेल्यात बुडवायचं आणि सरबताचा एक थेंब थाळीत सांडायचा. सुभेदार नाव घेत, थेंब सांडत. आम्हीही. मुंबईला आमची म्हातारी माणसं असंच सांडत, त्यांनी कुठे पाहिलं होतं कोण जाणे.

"काहून सांडतो?" धाकटीनं विचारलं.

"रीत आहे."

"पन काहून?"

सुभेदारांनी पुस्तकाचं पान मागे उलटलं, पुढे उलटलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो, कारण मलाही हवं होतं. वर इब्रानी, खाली मराठी, समासात एक बारकं चित्र. कारण कुठे दिलेलं नव्हतं.

"पुस्तकात नाही," ते म्हणाले. या वेळी आवाज तितका ताठ नव्हता.

धाकटीनं स्वतःच्या थाळीतल्या लाल थेंबांकडे पाहिलं. "मले वाटते आपल्या पेल्यातलं थोडं त्या बुडालेल्याईले. मोठ्या मायनं भाकर आनली ना, तसं."

बाहेर पाटलाच्या गोठ्यात बैलाच्या घंटेचा आवाज होत होता. संकटांची नावं केव्हाच संपली होती. सुभेदारांनी बोट पुन्हा पेल्यात बुडवलं, थाळीवर धरलं, आणि पुस्तकात नसलेला एक थेंब सांडला. मग चष्मा पुसला आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

आठ दिवस त्यांनी पोरांना नेण्याबद्दल अक्षर काढलं नाही. पोरांची ट्रंक बायकोनं एकदा भरली, एकदा उपसली, पुन्हा भरली. सुभेदार रोज सकाळी धाकटीला इब्रानी घोटवत, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून, मी थोरल्याला काय सांगतोय ते ऐकू येईल इतक्या अंतरावर बसून, न ऐकल्यासारखं करत. एकदा मी राजाच्या पगडीतल्या बेडकाला मंत्री केलं, तेव्हा ते म्हणाले, "मंत्री नको. सुभेदार कर." मला अजूनही खात्री नाही की ते मी ऐकलं की रचलं.

सण उतरला. पाटलीणबाईंनी स्वतःच्या घरचं ताक मोठ्या तांब्यात पाठवलं, निरोपासह: सुतक फिटलं असन तं घ्या. दुपारी मी हातातली रंधा-पटाशी खाली ठेवली आणि ओट्यावर गेलो. उद्याच्या दमणीचं सांगायला पाहिजे होतं. घरात बायको झाडायचं थांबली, हे मला भिंतीपलीकडून कळलं.

"मामा," मी म्हटलं, "गाडीवानाला दमणी कितीजणांची सांगू?"

सुभेदार जोडे झटकत होते. ज्यात जिलबी निघाली होती तो डावा जोडा त्यांनी उलटा करून नीट बघितला.

"माझ्या एकट्यापुरती सांगा," ते म्हणाले. "आणि बैलांना वाटेत पाणी पाजणारा गाडीवान बघा."